दिवाळीचा डोंगर, होळीचा डोंगर: पानगळीचे रंग कुठे आणि केव्हा पाहावेत

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण लातूरला राहता. घरात गुडघेदुखी असलेले आई-वडील आणि आठ वर्षांची मुलगी आहे, आणि दिवाळीला जोडून सहा-सात दिवसांची सुटी मिळणार आहे. लाल-पिवळ्या पानांनी भरलेला डोंगर एकदा तरी पाहावा, अशी आईंची फार दिवसांची इच्छा आहे. गेल्या वर्षी दिवाळीनंतर आपण सर्वांना म्हैसमाळला नेले, पण तिथे झाडे हिरवीगार उभी होती आणि फक्त गवत वाळलेले होते, त्यामुळे सगळ्यांचा हिरमोड झाला. आता २०२६ च्या दिवाळीत काश्मीरचा खर्च करावा, की आपल्या मराठवाड्यातल्या डोंगरांतही असे काही पाहायला मिळते, असे आपण विचारले आहे.

मी कन्नड तालुक्यात बरीच वर्षे वनस्पतिशास्त्र शिकवले. गौताळा, अजिंठा आणि माहूर या भागांत झाडे पाहण्यासाठी लहान गट घेऊन जाते, आणि शरदात जमेल तेव्हा श्रीनगरलाही जाते. त्या अनुभवावरून सांगते, की आपले ठिकाण चुकले नव्हते, महिना चुकला होता. दिवाळीत पानांचे रंग पाहायचे असतील तर हिमालयातच जावे लागेल. आपल्या डोंगरांतले पानांचे रंग पाहायचे असतील तर होळीच्या आगेमागे निघावे लागेल. दिवाळीतल्या आपल्या डोंगरातही पाहण्यासारखे पुष्कळ असते, पण ते झाडाच्या पानांवर नसते. असे का होते, हे एकदा नीट कळले की पुढची सगळी आखणी आपली आपल्यालाच करता येईल, म्हणून आधी कारण सांगते.

पान हिरवे दिसते ते त्यातल्या हरितद्रव्यामुळे. हे द्रव्य सतत मोडते आणि झाड ते सतत नव्याने तयार करते. पान टाकायची वेळ आली की झाड नवे हरितद्रव्य करणे थांबवते आणि पानातला नत्रासारखा कामाचा माल खोडाकडे ओढून घेते. हिरवा रंग ओसरल्यावर पानात आधीपासूनच असलेला पिवळा रंग उघडा पडतो. लाल रंगाचे मात्र वेगळे आहे. तो बहुतेक वेळा पानात आधी नसतो, साखरेपासून नव्याने तयार होतो, आणि त्यासाठी दिवसा स्वच्छ ऊन व रात्री गोठण्याच्या किंचित वर राहणारी थंडी लागते. त्याच सुमारास देठाच्या बुडाशी पेशींचा एक पातळ पडदा तयार होतो आणि पान तिथून सुटते. हे मुलीला प्रत्यक्ष दाखवता येईल. पिवळ्या पडलेल्या पानाच्या देठाला बोटाने नुसता स्पर्श केला तरी पान हातात येते आणि मागे स्वच्छ, कोरडा व्रण राहतो. शेजारचे हिरवे पान ओढले तर साल सोलवटून निघते.

आता हे सगळे सुरू होण्यासाठी झाडाला इशारा कोण देतो, हा खरा प्रश्न आहे. काश्मीरमध्ये तो इशारा थंडी आणि लहान होत जाणारा दिवस देतात. आपल्याकडे तो तहान देते. मराठवाड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांत सरासरी साडेसहाशे ते सातशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि परतीचा पाऊस साधारणपणे ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात निघून जातो. पाऊस संपला म्हणून जमिनीतली ओल लगेच संपत नाही. खोल मुळांच्या झाडांना ती आणखी दोन-तीन महिने पुरते. त्यामुळे दिवाळीत पान टाकण्याचे कोणतेही कारण आपल्या झाडांना नसते. गवताची मुळे वरच्या वीतभर मातीत असतात, ती माती आधी सुकते, म्हणून गवत आधी पिवळे पडते. आपण म्हैसमाळला पाहिले ते हेच. त्यातून २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली होती, त्यामुळे जमीन तुडुंब भिजलेली होती आणि ऑक्टोबरच्या अखेरीस झाडे नेहमीपेक्षाही हिरवी असणे स्वाभाविक होते.

मग आपल्या डोंगरात पानगळ होते तरी कधी? ती एकदम होत नाही, आणि हीच तिची खरी गंमत आहे. प्रत्येक झाडाची तहान सोसण्याची ताकद वेगळी असल्यामुळे नोव्हेंबरच्या अखेरीपासून मार्चपर्यंत एकामागून एक झाडे पाने टाकतात. सुरुवातीच्या झाडांत मोई असते. तिची पाने फिकट पिवळी होऊन लवकर गळतात आणि झाड उन्हाळाभर उघडेच राहते. साग त्याच्या मागोमाग येतो. त्याचा रंग फार तेजस्वी नसतो, पिवळसर तपकिरी असतो, पण ताटाएवढी खरखरीत पाने उतारावर साचली की पायाखाली होणारा आवाज दूरवर ऐकू जातो. डिसेंबर-जानेवारीत सालई उघडी होते आणि तिच्या हिरवट राखाडी खोडावरचे कागदासारखे पापुद्रे दिसू लागतात. कांडोळाचे पांढरेफटक खोडही याच दिवसांत उठून दिसते. गावाकडचे लोक त्याला भुताचे झाड म्हणतात ते का, हे जानेवारीतल्या चांदण्यात त्याच्या समोर उभे राहिले म्हणजे कळते.

या सगळ्यांत माझे सर्वांत आवडते झाड म्हणजे धावडा. आपल्या डोंगरात विलायती पानगळीच्या सर्वांत जवळ जाणारा रंग कोणाचा, असे कोणी विचारले तर मी धावड्याचेच नाव घेते. थंडी सरता सरता त्याची लहान, गुळगुळीत कडांची पाने आधी पिवळट, मग तांबूस, मग थेट तांब्यासारखी होतात आणि फेब्रुवारीच्या आसपास गळतात. एकच पान तोडून पाहिले तर फारसे काही वाटत नाही. उतारावर धावड्यांचा पट्टा असेल आणि सूर्य त्याच्या पलीकडे असेल, तेव्हाच हा रंग पेटतो. म्हणून धावडा सकाळी पाहायचा असेल तर झाड आपल्या पूर्वेला आणि संध्याकाळी पाहायचा असेल तर पश्चिमेला ठेवून उभे राहावे. दुपारी बारा ते तीन या वेळेत तोच उतार मळकट दिसतो, आणि पुष्कळ लोक नेमके त्याच वेळी पोहोचतात.

पळसाचे तर मराठवाड्यात कोणाला सांगायला नको. जानेवारी-फेब्रुवारीत त्याची तीन-तीन पानांची जाड, चामड्यासारखी पालवी झडते आणि होळीपर्यंत अख्खे झाड केशरी फुलांनी भरते. काटेसावर आणि पांगारा हेही पाने टाकूनच फुलतात. गणेरीची पिवळीजर्द फुले याच दिवसांत खडकाळ उतारावर दिसतात. दूरवरून पाहणाऱ्याला हा रंग पानांचा की फुलांचा याने फरक पडत नाही. आईंना रंगलेला डोंगर पाहायचा आहे, आणि तो फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत आपल्याकडे खरोखरच रंगलेला असतो.

आणखी एक गोष्ट मी मुद्दाम सांगते, कारण ती फारसे कोणी सांगत नाही. थंड प्रदेशात पान जाताना लाल होते, तर आपल्याकडची सर्वांत सुंदर लाली पान येताना असते. कुसुमाच्या झाडाला मार्च-एप्रिलमध्ये नवी पालवी फुटते ती रक्तासारखी लाल असते, आणि काही दिवस सगळे झाड फुलांनी लगडल्यासारखे दिसते. मोहाची आणि पिंपळाची कोवळी पाने तांबूस असतात. कोवळ्या पानात हरितद्रव्य पुरेसे तयार झालेले नसते, वरून ऊन कडक असते, अशा वेळी हा लाल रंग त्या पानाला उन्हापासून आडोसा देतो. ही पालवी दहा-पंधरा दिवसांत हिरवी होते, त्यामुळे ती गाठणे अवघड असते. मात्र चैत्रातल्या एखाद्या सकाळी नाल्याकाठी कुसुम असा पालवलेला मिळाला तर काश्मीरला न गेल्याची खंत राहणार नाही.

तारखा मी मोघम देत आहे, कारण त्या दरवर्षी बदलतात. पाऊस किती झाला यापेक्षा तो कधी थांबला हे जास्त महत्त्वाचे असते. परतीचा पाऊस जोरात झाला तर पाने फेब्रुवारीपर्यंत टिकतात, आणि ऑगस्टनंतर पावसाने दडी मारली तर झाडे डिसेंबरातच खराट्यासारखी होतात. लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले ते २०१६ चे वर्ष आपल्याला आठवत असेलच. तशा सलग दुष्काळाच्या काळात झाडे रंग दाखवायला थांबत नाहीत, पाने झाडावरच करपून गळतात. जागेनेही फरक पडतो. दक्षिणेकडे तोंड असलेला उतार दिवसभर तापतो आणि आधी सुकतो, उत्तरेकडचा मागे राहतो. काळ्या पाषाणावर वीतभर मुरूम असलेला माथा म्हणजे तांब्या आणि खाली नाल्याकाठची खोल माती म्हणजे रांजण. एकाच डोंगरावर वरचा धावडा निष्पर्ण आणि खालचा हिरवा असू शकतो. याचा फायदा असा, की नेमका दिवस चुकला तरी चढउतार बदलून आपल्याला हवी ती अवस्था बहुधा सापडते. माथा झडलेला दिसला तर खाली उतरावे, नाला हिरवा दिसला तर वर जावे.

कुठे जावे, याचे उत्तर आई-वडिलांच्या गुडघ्यांवर अवलंबून आहे. मला विचाराल तर मराठवाड्यात पानगळीसाठी पहिली जागा गौताळा औट्रमघाट अभयारण्याची. छत्रपती संभाजीनगर आणि जळगाव या दोन जिल्ह्यांत पसरलेले सुमारे २६० चौरस किलोमीटरचे हे अभयारण्य १९८६ मध्ये जाहीर झाले. धावडा, सालई, पळस, खैर, अंजन असे शुष्क पानगळीचे जंगल इथे सलग पाहायला मिळते. ज्यांना चालवत नाही त्यांना कन्नडच्या घाटात सुरक्षित जागी गाडी थांबवूनही समोरचे उतार दिसतात. चालणाऱ्यांनी पितळखोऱ्याच्या लेण्यांच्या बाजूला किंवा खाली पाटणादेवीच्या मंदिराकडे जावे. पितळखोऱ्याला पायऱ्या बऱ्याच उतराव्या लागतात आणि त्या परत चढाव्याही लागतात, तेव्हा आई-वडिलांना तिथे नेऊ नये. अभयारण्यात जाण्यापूर्वी वनविभागाकडे प्रवेशाची वेळ आणि शुल्क विचारून घ्यावे, आणि काळोख पडण्याआधी बाहेर यावे.

ज्येष्ठांसाठी त्याहून सोयीची जागा म्हणजे अजिंठ्याचा व्ह्यू पॉइंट. लोक लेणी पाहतात आणि परततात, पण घाटाच्या वरच्या अंगाने वाहनाने व्ह्यू पॉइंटला गेले की वाघूर नदीचे घोड्याच्या नालेसारखे वळण, त्यावरची लेण्यांची रांग आणि सगळी दरी एका दृष्टिक्षेपात येते. १८१९ मध्ये वरच्या बाजूनेच एका इंग्रज अधिकाऱ्याला ही लेणी दिसली होती. फेब्रुवारीत नदीला पाणी नसते, मात्र दोन्ही काठांची झाडे रंग बदलत असतात आणि पाने झडल्यामुळे कड्याची ठेवणही स्पष्ट दिसते. लेणीही पाहणार असाल तर सोमवार टाळावा, त्या दिवशी अजिंठा बंद असतो. अशा कड्यांवर आग्या मोहोळाची पोळी असतात, म्हणून दरीच्या काठावर आरडाओरडा, धूर आणि उग्र अत्तर ही तिन्ही कटाक्षाने टाळावीत. मुलीला हे आधीच समजावून सांगावे.

लातूरहून जवळचे म्हणाल तर बालाघाटाच्या रांगेत येडशीचे रामलिंग घाट अभयारण्य आहे. ते लहान आहे, पण एका दिवसात जाऊन येण्यासारखे आहे आणि दरीतल्या मंदिराभोवती झाडी चांगली आहे. दाट सागाचे जंगल पाहायचे असेल तर नांदेड जिल्ह्यात किनवट-माहूरकडे जावे. तिथे पाऊस उर्वरित मराठवाड्यापेक्षा जास्त पडतो, त्यामुळे पानगळही थोडी उशिरा होते. आई-वडिलांना रेणुकामातेचे दर्शन घडेल आणि वाटेवरचे पळस-मोहही पाहून होतील. फेब्रुवारीपासून पुढे या सर्व ठिकाणी जंगल वाळलेले असते, तेव्हा विडी-काडी, चूल, फटाके यांतले काहीही जंगलात नको. एका ठिणगीने अख्खा उतार जातो.

आता दिवाळीतल्या आपल्या डोंगराविषयी, कारण गेल्या वर्षी आपण ज्याला वाळलेले गवत म्हणालात त्याच्याकडे पुन्हा पाहावे असे मला मनापासून वाटते. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात दुपारी ऊन तापते, पण पावसाने धूळ धुऊन नेलेली असते, हवा वर्षात सर्वांत स्वच्छ असते आणि पहाटे अंगावर शाल घ्यावीशी वाटते. म्हैसमाळ सुमारे साडेतीन हजार फुटांवर आहे, त्यामुळे तिथे हा गारवा खालच्या गावांपेक्षा आधी जाणवतो. या दिवसांत कुसळी गवत तांबूस होते, मारवेल पिवळसर होते, मधूनमधून कुरडूचे गुलाबी-रुपेरी तुरे असतात आणि बांधांवर तरवड पिवळा फुललेला असतो. सूर्योदयानंतरचा पहिला तास आणि सूर्यास्तापूर्वीचा शेवटचा तास धरला तर सबंध पठार सोन्याचे होते. अकरा वाजता पोहोचलेल्या माणसाला तेच पठार उजाड दिसते, यात त्याचा दोष नाही, पण डोंगराचाही नाही.

याच गवतात मुलीसाठी एक गोष्ट आहे. मोज्यात अडकलेले कुसळ फेकून न देता तळहातावर घ्यावे. त्याला एक टोकदार बी आणि पिळलेली लांब काळसर शेपटी असते. त्यावर पाण्याचा एक थेंब टाकला की ती शेपटी उलगडत जाते आणि कुसळ तळहातावर चक्क गोल फिरू लागते. सुकले की पुन्हा पीळ बसतो. दवाने ओले होऊन आणि उन्हाने सुकून असे फिरत फिरतच ते बी जमिनीत घुसते. माझ्याबरोबर आलेली मुले या एका कुसळापाशी खूप वेळ रमतात, आणि मोठ्यांनाही तिथून उठवावे लागते.

लातूरहून निघताना रस्त्याकडेही लक्ष असू द्यावे. सप्टेंबरच्या अखेरीपासून सोयाबीन काढणीला येते, तेव्हा कापणीपूर्वी त्याची पाने पिवळी होऊन शेतातच गळतात. म्हणजे ज्या रंगासाठी आपण डोंगर शोधत आहात तो काही दिवस आपल्या शिवारातच पसरलेला असतो. नोव्हेंबर-डिसेंबरात तूर फुलते, जानेवारीत करडई. डोंगराच्या माथ्यावर उभे राहून खालच्या शिवाराचे हे चौकोन पाहिले तर आपल्या मुलखाचा हिवाळा रंगहीन वाटणार नाही.

इथवरचा हिशेब असा, की आपल्या डोंगरात सप्टेंबर-ऑक्टोबर फुलांचा, ऑक्टोबर-नोव्हेंबर गवताचा, डिसेंबर ते मार्च पानगळीचा, आणि मार्च-एप्रिल नव्या पालवीचा. दिवाळीत पानेच पाहायची तर काश्मीर.

काश्मीरबाबत पहिली गोष्ट पंचांगाची. दिवाळी दरवर्षी सरकते, पण काश्मीरच्या शरदाचा रंग ज्या झाडाचा, त्या चिनाराला पंचांग ठाऊक नसते. श्रीनगरमध्ये चिनार साधारणपणे ऑक्टोबरच्या मध्यावर पालटू लागतो आणि ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा ते नोव्हेंबरचे पहिले दहा-बारा दिवस हा त्याचा ऐन बहर असतो. २०२५ मध्ये लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होते, तेव्हा गेलेल्यांना चिनार अर्धा हिरवा मिळणे साहजिक होते. २०२६ मध्ये ते ८ नोव्हेंबरला आहे आणि २०२७ मध्ये २९ ऑक्टोबरला. म्हणजे या वर्षी आपली सुटी अगदी योग्य वेळी येते, पण ती बहराच्या उत्तरार्धात आहे. शक्य असल्यास दिवाळी श्रीनगरला करून परतण्याऐवजी २ किंवा ३ नोव्हेंबरला निघून लक्ष्मीपूजनाला घरी यावे, असे मी सुचवेन. रंग अधिक खात्रीने मिळतील आणि आईंची घरची दिवाळीही चुकणार नाही.

उशीर न करण्याचे दुसरे कारण बर्फाचे आहे. २०१८ आणि २०१९ या दोन्ही वर्षी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातच खोऱ्यात बर्फ पडले आणि फळे व पाने अंगावर असलेल्या सफरचंदाच्या झाडांचे मोठे नुकसान झाले. असे दरवर्षी होत नाही. तरीही एक दिवस हाताशी राखून ठेवावा आणि परतीचे तिकीट सुटीच्या शेवटच्या क्षणाला जोडून काढू नये. निघण्यापूर्वी हवामान खात्याचा अंदाज आणि प्रशासनाच्या प्रवासविषयक सूचना पाहाव्यात.

आई-वडिलांना घेऊन जाणाऱ्यांना मी एकच सल्ला देते: मुक्काम फक्त श्रीनगरला करावा. चिनार हे खोऱ्यातले झाड आहे. गुलमर्ग, सोनमर्गच्या उंचीवर आपल्याला देवदार, फर यांसारखी सदाहरित झाडेच जास्त दिसतील. श्रीनगर सुमारे १,५८५ मीटरवर आहे, त्यामुळे विरळ हवेचा त्रास सहसा होत नाही. गुलमर्गच्या गोंडोला या रोपवेच्या दुसऱ्या टप्प्यावर मात्र वयस्कर माणसांना नेऊ नये. सर्वांत आधी हजरतबलजवळ काश्मीर विद्यापीठाच्या आवारातल्या नसीम बागेत जावे. मोगलांच्या काळात लावलेली ही चिनारांची बाग सपाट आहे, पायऱ्या नाहीत आणि जमिनीवर पानांचा घोटाभर थर असतो. निशात आणि शालिमार या बागा सुंदर आहेत, पण निशात टप्प्याटप्प्याने वर चढत जाते, तिथे आई-वडिलांनी खालच्याच टप्प्यावर बसावे. ऑक्टोबरच्या अखेरीस गेल्यास श्रीनगरजवळच्या पांपोरला केशराची फुले खुडण्याचे काम चालू असते, तेही जमले तर पाहावे.

चिनाराचे पान हातात घेऊन पाहण्यासारखे असते. बोटे पसरलेल्या पंजासारखे, बहुधा पाच टोकांचे. देठाचे बूड उलटे करून पाहिले तर ते पोकळ दिसते. पुढच्या वर्षीची कळी या पोकळीत झाकलेली असते आणि पान गळले तेव्हाच ती उघडी पडते. म्हणजे पान पडण्याआधीच त्याच्या जागी येणारी पालवी तयार असते. मुलीला फांदीवरची ती टोपीसारखी कळी आणि हातातल्या देठाची पोकळी एकमेकांशी जुळवून दाखवावी. खाली पडलेली पाने वहीत ठेवून आणायला हरकत नाही. झाडावरून तोडू नयेत, काश्मीरमध्ये चिनार संरक्षित वृक्ष आहे.

दिवसाचे नियोजन आपल्याकडच्यापेक्षा वेगळे करावे लागते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिथे पहाटे दोन-चार अंशांपर्यंत थंडी उतरते आणि धुके असते, तेव्हा आई-वडिलांना सहाला उठवून बाहेर काढण्यात अर्थ नाही. दहाच्या सुमारास ऊन पडले की निघावे. सूर्यास्त साडेपाचच्या आसपास होतो, पण डोंगरांमुळे ऊन त्याआधीच निघून जाते, म्हणून दुपारी दोन ते चार ही वेळ बागेतच घालवावी. पान नेहमी सूर्याच्या विरुद्ध बाजूने, म्हणजे झाडाखाली उभे राहून वर पाहावे. मोबाइलने छायाचित्र घेताना उजेड थोडा कमी केला तर लाल रंग फिका पडत नाही.

आपण सिमला-मनालीचाही विचार केला होता असे लिहिले आहे. पानांच्या रंगासाठी मी तिकडे पाठवणार नाही, कारण तिथले डोंगर देवदार आणि चीडचे, म्हणजे बाराही महिने हिरवे. मनालीच्या पुढे अटल बोगदा ओलांडून लाहौलमध्ये गेले की ऑक्टोबरात पॉप्लर आणि विलोची झाडे पिवळीधमक असतात, पण ती नोव्हेंबरपूर्वीच ओकीबोकी होतात. लडाखचा रंगही सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतचा, आणि लेहची साडेतीन हजार मीटरची उंची आई-वडिलांना झेपेलच असे नाही.

प्रवासाचे म्हणाल तर नांदेडहून सुटणारी सचखंड एक्सप्रेस परभणीलाही थांबते आणि अमृतसरपर्यंत जाते. जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर वंदे भारतही सुरू झाली आहे. मात्र गुडघेदुखीत इतके गाडीबदल त्रासदायक होतात, आणि सहा-सात दिवसांच्या सुटीतले चार दिवस रुळांवरच जातात. पुणे किंवा हैदराबादहून दिल्लीमार्गे विमान आपल्याला जास्त सोयीचे पडेल. रेल्वेनेच जायचे ठरले तर आरक्षण ६० दिवस आधी उघडते, म्हणजे नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातल्या गाडीसाठी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातच तयारीत राहावे लागेल. खर्च या वर्षी जमणार नसेल तर घाई करू नये. २०२७ ची दिवाळी २९ ऑक्टोबरची आहे, तीही चिनारासाठी चांगलीच आहे. तोवर येत्या फेब्रुवारीत एक शनिवार-रविवार काढून आईंना कन्नडच्या घाटात आणि अजिंठ्याच्या व्ह्यू पॉइंटला घेऊन यावे. निघण्यापूर्वी पाऊस कधी थांबला आणि लातूर भागातल्या पळसांची पाने कितपत झडली आहेत एवढे मला कळवलेत, तर नेमका कोणता आठवडा धरावा हे मी आपल्याला सांगू शकेन.